दोन धारांच्या बोलीवर आणलेला सीडी ड्राइव्ह

आमच्या घरी सीडी ड्राइव्ह आला तो एका फेट्यामुळं. हे वाक्य मी आजवर ज्याला ज्याला ऐकवलं त्यानं माझ्याकडं हिला ऊन लागलंय अशा नजरेनं बघितलं, पण खरं ते खरं. फेटा नसता तर आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तसली वस्तू उंबऱ्याच्या आत येऊच दिली नसती. आणि ती आली नसती तर मी आज इंदापुरात बसून पोरांना कॉम्प्युटर शिकवत नसते, आमच्या गावच्या, पणदऱ्याच्या गोठ्यात शेणाच्या पाट्या उचलत असते. तेही काही वाईट नव्हतं म्हणा, पण माझ्या कमरेला झेपलं नसतं.

कॉम्प्युटर तेवढा घरात आधीच होता. गावच्या दूध डेअरीनं नवा घेतला तेव्हा जुना भंगारात चालला होता. आबांना भंगारात जाणारी वस्तू बघवायची नाही, त्यांनी तो म्हशीच्या पेंडीसोबत ट्रॉलीत टाकून घरी आणला. मधल्या खोलीत, सरकीच्या पेंडीच्या पोत्यांना लागून त्याला जागा मिळाली, त्यामुळं त्याला कायम पेंडीचा वास यायचा. मला आजही कुणाच्या गोठ्यात गेलं की आधी विंडोज सुरू होतानाची धून आठवते. मी बारामतीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, विषय कॉम्प्युटरच होता, आणि शिकायचं जे जे म्हणून होतं ते सगळं त्या काळात सीडीवर यायचं. आमच्या खोक्याला मात्र सीडी घालायला तोंडच नव्हतं. तिथं नुसती एक प्लॅस्टिकची पट्टी होती. मैत्रिणीनं मासिकाबरोबर आलेली एक सीडी मला दिली, ती मी जिवापाड जपली, तर आबांनी ती दोऱ्याला बांधून ज्वारीत टांगली. पाखरं भितात म्हणाले. खरंच भ्यायची. आमच्या घरात ज्ञानाचा तेवढाच उजेड पडत होता.

त्या उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं. पाव्हणे भवानीनगरचे, जावई कारखान्यात कामाला, सगळं झकास. पण लग्नातच आईचा धाकटा भाऊ, कळंबचा हणमंतमामा, रुसला. मुलीचा मामा म्हणजे लग्नातला पहिला मानकरी. फेटेवाला सगळ्यांच्या आधी त्याच्या डोक्याला फेटा बांधणार, आणि मग तोच भाचीला हाताला धरून बोहल्यावर नेणार, ही आमच्याकडची रीत. मामानं ताईला बोहल्यावर नेलं खरं, पण अक्षता पडल्या आणि तो न जेवता मोटारसायकलला किक मारून निघून गेला. पुढं कळंबहून निरोप आला तो असा की, लग्नात मला फेटा बांधला नाही, ज्या घरात मान नाही त्या घरचं पाणी मी पिणार नाही, आणि औंदा भाऊबीजेला वाट बघू नका. आबांनी तो निरोप ऐकला आणि हातातली वैरणीची पेंढी खाली आपटली. मी माझ्या डोळ्यांनी फेटा बांधलेला बघितलाय, म्हणाले, खोटं बोलणाऱ्या माणसाच्या दारात मी जाणार नाही. झालं. दोन्हीकडून दार बंद.

मधल्यामध्ये पिळून निघाली आई. ती तोंडानं काही बोलायची नाही, पण नवरात्र संपलं तसा तिच्या हातचा स्वयंपाक बिघडायला लागला. आमटीत मीठ दोनदा पडायचं, भाकरी तव्यावर काळी व्हायची. तिला एकच भाऊ. बाकीच्या बाया चकलीच्या भाजणीच्या गप्पा मारायच्या तेव्हा ही उठून गोठ्यात जायची आणि म्हशीच्या पाठीवर हात फिरवत उभी राहायची. मला तिचं वाईट वाटायचं, अगदी मनापासून वाटायचं. पण तेवढ्यात लग्नाच्या शूटिंगच्या सीड्या घरी आल्या आणि, काय सांगू, माझ्या मनात लाडूच फुटले.

फेटा बांधला की नाही, ते त्या सीडीतच दिसणार होतं. शेजारी सीडी प्लेअर होता, पण आई म्हणाली की शेजाऱ्यांच्या टीव्हीवर आपलं भांडण लावायचं म्हणजे सगळ्या आळीला चहाला बोलवायचं. ते तर नाहीच. मग मी आबांना हळूच सांगितलं की आपल्या कॉम्प्युटरला एक ड्राइव्ह बसवला की झालं. टीव्हीवर चित्र पळत सुटतं, कॉम्प्युटरवर ते पाहिजे तिथं थांबवता येतं, मागं नेता येतं, तासभर एकाच चित्राकडं बघत बसता येतं.

"थांबतंय?" आबांनी विचारलं. "हणमंतरावाच्या डोक्यावर फेटा दिसला की तितंच थांबतंय?"

मी म्हणाले, थांबतंय. दुसऱ्या दिवशी आम्ही बापलेक एसटीनं बारामतीला. मी खिडकीला बसले होते आणि सारखी हसत होते. कंडक्टरनं दोनदा वळून बघितलं.

भिगवण चौकाच्या अलीकडं कॉम्प्युटरचं एक दुकान होतं. दुकानदार नितीन म्हणून माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा मुलगा. त्यानं काचेवर ड्राइव्ह मांडले. एक नुसती सीडी वाचणारा, एक सीडी वाचून लिहिणाराही, एक डीव्हीडीसुद्धा चालवणारा, आणि कोपऱ्यात एक जुना, वापरलेला. मी लिहिणाऱ्यावरून नजर हलवत नव्हते. तो मिळाला तर अख्ख्या वर्गाच्या सीड्या मी घरी उतरवून घेतल्या असत्या. नितीननं आबांना समजावलं की काका, ह्यावर सीडीची दुसरी सीडी करता येते, पाव्हण्यांना वाटता येते. आबा म्हणाले, घरातली भांडणं छापून वाटायची नाहीत. लिहिणारा गेला. डीव्हीडीवाला त्याच्या किमतीनंच गेला. नुसता वाचणारा नवा होता, त्याच्या तोंडावर बावन्न असा आकडा होता. नितीन म्हणाला, हा बावन्न पट पळतो. आबांना ते अजिबात आवडलं नाही. आपल्याला थांबवून बघायचंय आणि ह्यो पळणारा देतोय, असं त्यांनी मलाच ऐकवलं. आज माझ्या क्लासमधली पोरं नवा लॅपटॉप घेताना आधी वेग विचारतात, तेव्हा मला आबांची आठवण येते. जगाच्या पाठीवर ड्राइव्ह हळू चालावा म्हणून घासाघीस करणारं एकच गिऱ्हाईक असेल आणि ते माझा बाप होतं.

राहिला जुना. आबांनी तो हातात घेतला आणि मग मला कळलं की हा माणूस ड्राइव्ह घेत नाहीये, म्हैस घेतोय. आधी त्याला उलटा केला, खालून बघितला. नितीनकडून वायर लावून घेतली, बटण दाबून ट्रे बाहेर काढायला लावला आणि वाकून आत बघितलं, जनावराचे दात बघतात तसं. तीनदा उघडायला लावला. उघडताना अंग चोरतो का, मिटताना ओढतो का, ते कान लावून ऐकलं. लाइट किती खातो विचारलं. मग विचारलं, आधी कुठल्या घरी होता? नितीन म्हणाला, एका शाळामास्तरांकडं होता, त्यांनी नवा घेतला. ते ऐकून आबांचा चेहरा खुलला.

"मास्तराच्या घरचा व्हय," ते म्हणाले. "मग लाथाळ नसंल."

धार काढताना लाथा झाडणाऱ्या म्हशीला आमच्याकडं लाथाळ म्हणतात. मी काचेच्या कपाटामागं तोंड लपवलं. पण खरी मजा पुढंच होती. भाव करायची वेळ आली तशी आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, नितीनच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, टॉवेलाखाली बोटं दाबून करतात, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही. आबांनी आयुष्यभर असेच सौदे केले होते. नितीनला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि वरून त्याला गुदगुल्या व्हायच्या. तो फिदीफिदी हसायला लागला. आबांनी बोट दाबलं की हसायचा, सोडलं की थांबायचा. सौद्यात हसणारा व्यापारी आबांनी जन्मात बघितला नव्हता. त्यांना वाटलं ही ह्याची युक्ती आहे, पोरगं पक्कं आहे, म्हणून त्यांनी आणखी दोन बोटं दाबली. शेवटी डोळ्यांतलं पाणी पुसत नितीन म्हणाला, काका, तुम्ही म्हणाल ते, पण हात सोडा. आबांनी हात सोडला आणि शेवटची अट घातली. म्हैस घेताना आम्ही दोन धारा बघतो. पहिली धार, दुसरी धार, दोन्ही वेळेला दूध नीट दिलं तर पैसे, नाहीतर जनावर परत. नितीन इतका थकला होता की हो म्हणाला. ड्राइव्ह टॉवेलात गुंडाळून आम्ही घरी निघालो आणि एसटीत आबांनी तो मांडीवर धरला होता. वायर कशी जोडायची ते नितीननं मला कागदावर चित्र काढून दिलं होतं, पण मी ते वाटेतच पाठ करून टाकलं.

मी खोकं उघडून ड्राइव्ह बसवला. बटण दाबलं आणि ट्रे सुळकन बाहेर आला, तशी आई देवघराकडं धावली. नवी वस्तू, तिला पुजल्याशिवाय कशी वापरायची? तिनं ट्रेवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वर चिमूटभर अक्षता ठेवल्या आणि हात जोडले. मी थांब म्हणेपर्यंत आबांनी बोटानं ट्रे आत ढकलला. मग त्या मशीननं जो आवाज काढला तो आठवून मी आत्ता लिहितानासुद्धा एकटीच हसतेय. कर्रर्र, खडखड, कर्रर्र, सगळी पिठाची गिरणी. दावणीची म्हैस दचकून उठली. आबा म्हणाले, पहिल्याच धारेला असं, जाऊ दे परत. मी अक्षरशः त्यांच्या पायाशी बसले. ड्राइव्ह काढला, उलटा करून आपटला, तर आतून भिजल्या कुंकवाचे तांदूळ पडले. एकेक दाणा आईनं गोळा केला आणि तुळशीत टाकला, कारण पुजलेले तांदूळ केरात कसे टाकायचे. मऊ फडक्यानं सगळं पुसून पहिली सीडी घातली, हळदीची, आणि ताई पडद्यावर आली, पिवळीधमक, हसणारी. आई खुर्चीवर बसली ती उठलीच नाही. शूटिंगवाल्यानं ताईचं तोंड एकदा कमळात घातलं होतं, एकदा बदामात, एकदा ते गरगर फिरत ढगात गेलं, आणि आईला ते सगळं इतकं आवडलं की त्या दिवशी भाकरी मी केल्या. पहिली धार पास झाली.

दुसरी सीडी लग्नाची. ती मात्र आबांनी लावू दिली नाही. आपण आधी बघून मग त्याला दाखवली तर म्हणेल मागं-पुढं केलंय, त्याच्यासमोरच लावायची. न्याय म्हणजे न्याय. आईनं डेअरीतल्या फोनवरून कळंबला निरोप धाडला, आणि त्या निरोपात ती काय बोलली ते तिनं मला कधी सांगितलं नाही. दिवाळी चार दिवसांवर आली असताना मामा आला. उंच, काटकुळा, गांधी टोपी, आणि रागावलेला माणूस जसा चालतो तसा चालत. पाणी घेतलं नाही. मधल्या खोलीच्या दारात उभा राहिला, पेंडीच्या पोत्यावर बस म्हटलं तरी बसेना. आईकडं बघितलं नाही, पण मला म्हणाला की बायडे, वाळलीस. मामा मला कायम वाळलीसच म्हणायचा, मी काही वाळले नव्हते.

मी सीडी घातली. वाजंत्री सुरू झाली, पाव्हणे येताना दिसले, आणि थोड्याच वेळात मांडवाच्या बाजूला फेटेवाला दिसला आणि त्याच्यापुढं बसलेला मामा. फेटेवाल्यानं केशरी कापडाचं एक टोक दातात धरलं होतं. बघता बघता मामाच्या डोक्यावर फेटा चढला, तुरा निघाला. "थांबव!" आबा ओरडले. मी थांबवलं. मामा पडद्यावर फेटा बांधून बसलेला, आणि मामा दारात टोपी घालून उभा. आबांनी पडद्याकडं बोट केलं. त्याच वेळी लाइट गेली.

दुपारचं भारनियमन, नेहमीचंच. पण आबांना आता लाइटची गरजच नव्हती. ते ओट्यावर आले, पुन्हा आत गेले, तंबाखू मळली, फेटा कसा केशरी होता, तुरा कसा ताठ होता ते सांगत सुटले. मी मामाकडं बघत होते. मला वाटलं होतं तो चिडेल, वाद घालेल. तर तो शांतपणे टोपी काढून हातात घेऊन उभा होता. मग म्हणाला की दाजी, तुमचं खरं हाय, माझंच ध्यान न्हवतं. आक्का, पाणी आण. आईच्या हातून तांब्या घेऊन त्यानं घटाघटा पाणी प्यायलं, भाऊबीजेला येतो म्हणाला, आणि चपला घालायला लागला. आई पदर डोळ्यांना लावून हसत होती. सगळं मिटलं होतं. माझा ड्राइव्ह पास झाला होता. मी मनातल्या मनात उड्या मारत होते.

पण मामाला निघायची फारच घाई झाली होती. चहा नको म्हणाला, ती चकती काढून ठेव बायडे म्हणाला, आता बघायचं काय राहिलंय. तेवढ्यात लाइट आली. आबांच्या अंगात जिंकल्याचं वारं शिरलेलं, ते म्हणाले, जाता जाता एकदा परत बघून जा हणमंतराव. मामा म्हणाला, नको दाजी, उशीर होतोय. आबांनी त्याला हाताला धरून आत आणलं. मी पुन्हा लावलं, फेटा बांधला गेला, तुरा निघाला, आणि ह्या वेळी आबा थांबव म्हणायचं विसरले. चित्र पुढं गेलं.

मांडवाच्या तोंडाशी गडबड दिसली. नवऱ्या मुलाचे चुलते उशिरा आले होते, उघड्या डोक्यानं, तोंड फुगवून. पडद्यावरचे आबा पळत फेटेवाल्याकडं आले. फेटेवाल्यानं हात हलवले, कापड संपलं असणार. शूटिंगवाल्यानं नेमका तिथं एक बदाम फिरवला होता, पण बदामातूनही दिसायचं ते दिसलंच. आबांनी इकडं तिकडं बघितलं, दोन्ही हातांनी मामाच्या डोक्यावरचा बांधलेला फेटा अलगद उचलला, आणि नेऊन चुलत्यांच्या डोक्यावर ठेवला. मामा खुर्चीवर तसाच बसून होता. मग त्यानं खिशातून टोपी काढली, झटकली आणि डोक्याला घातली.

खोलीत नुसता ड्राइव्ह फिरल्याचा आवाज येत होता. आमच्याकडं एकाच्या डोक्यावरचा फेटा उतरवून दुसऱ्याला घालणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. कानफटात मारलेली बरी. आबा पडद्याकडं बघत होते आणि मला त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते. लग्नाच्या धांदलीत ते हे खरोखर विसरून गेले होते.

आबांनी विचारलं, "मग बांधलाच न्हाय असं का सांगितलंस रं? काढून घेतला म्हणायचं."

मामा उंबऱ्याकडं बघत म्हणाला, "काढून घेतला म्हणलो असतो, तर गावात तुमाला कुणी मान दिला असता का, दाजी? बांधला न्हाय म्हणलं तर नुसती चूक हुती. आक्काचा नवरा हाय तुमी."

आई भिंतीला टेकून खाली बसली. आबा उठून आतल्या खोलीत गेले. मला वाटलं आता रागानं सगळं मोडणार, मशीन भिरकावणार, आणि लाज सोडून सांगते, त्या क्षणीसुद्धा माझा हात ड्राइव्हवर होता, राखण केल्यासारखा. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. आबा आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांच्या स्वतःच्या लग्नातला फेटा होता, डांबरगोळीच्या वासाचा, घड्यांवर पिवळा पडलेला. मामाला त्यांनी पेंडीच्या पोत्यावर बसवलं. फेटा बांधणं आबांना येत नव्हतं. एक पदर मामाच्या कानावर आला, एक नाकावर, तुरा निघाला तो मागच्या बाजूला. "घरचा माणूस म्हणून हात गेला," ते बांधताना म्हणाले. "परक्याच्या डोक्याला हात लावायची छाती झाली असती का माझी?" मामाचा एक डोळा फेट्याखाली झाकला होता आणि दुसऱ्यातून पाणी येत होतं, आणि तो हसत होता. मग आई उठली आणि निरांजनाचं ताट घेऊन आली. भाऊबीज अजून आठवड्यावर आहे हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तवाची तवा, आज हातात आलाय तर ओवाळून घेती. मामा तो वाकडा फेटा तसाच ठेवून मोटारसायकलवर बसला आणि कळंबपर्यंत तसाच गेला. वाटेत लोक हसले म्हणे. त्यानं कुणालाही तो सरळ करू दिला नाही. भाऊबीजेला आला तोही तोच घालून, मामीनं चार टाके मारून घट्ट केलेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पैसे द्यायला बारामतीला गेलो. आबा आयत्या वेळी जनावर परत म्हणतील, अशी धास्ती मला वाटभर होती. आम्हाला बघताच नितीननं दोन्ही हात पाठीमागं लपवले. तिथूनच त्यानं विचारलं, काका, कसा आहे ड्राइव्ह, त्रास नाही ना दिला?

आबांनी टॉवेल खांद्यावरच राहू दिला. खिशातून पैसे काढून काचेवर ठेवले.

"लाथाळ हाय," ते म्हणाले. "पर दूध चोख देतंय. ठिवतो."